बत्तीस पॉइंट

न्हावऱ्याच्या हौसरावांना आयुष्यात एकच काम नीट जमलं, असं त्यांची बायको साखरबाई म्हणायची, आणि ते काम म्हणजे अंगठा दाबणं. बोलणं टोचरं होतं, पण खोटं नव्हतं. शेती त्यांनी चारचौघांसारखी केली. कांदा कधी साधला, कधी सडला. सोसायटीच्या निवडणुकीला एकदा उभे राहिले, तर भावकीची मतंसुद्धा पुरती पडली नाहीत. पण बैलगाड्यांच्या घाटात, वरच्या रेषेपाशी उभं राहून हातातलं घड्याळ चालू-बंद करायचं काम त्यांच्याइतक्या नेकीनं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसऱ्या कोणी केलं नसेल.

घाट म्हणजे चढाची धावपट्टी. खाली एक फक्कीची रेषा, वर एक. खालच्या रेषेवर निशाण घेऊन वरवंडचा दगडोबा उभा असायचा. बैलांनी रेषा ओलांडली की दगडोबा निशाण पाडणार, ते पडताना दिसलं की हौसराव घड्याळ दाबणार, आणि बैल वरच्या रेषेवर आले की पुन्हा दाबणार. सगळा खेळ अकरा-बारा सेकंदांचा. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे पॉइंट, आणि चार पॉइंटांवरून या भागात सोयरिकी मोडलेल्या आहेत. तरी हौसरावांनी आकडा सांगितला की त्यावर कोणी तोंड उघडत नसे. वीस वर्षं खाली दगडोबा आणि वर हौसराव, मध्ये दीडशे मीटर धूळ. दोघांची दोस्तीही तशीच होती, लांबून एकमेकांवर नजर ठेवून असलेली.

ती मोडली तेरा वर्षांपूर्वी. चैत्रातली जत्रा होती आणि पहिलं बक्षीस मोटारसायकल होतं. त्या वर्षी दगडोबाची स्वतःची जोडी घाटात उतरली होती. एकाचं नाव वकील, दुसऱ्याचं फौजदार. त्यांची बारी आली तेव्हा दगडोबानं निशाण हौसरावांच्या घराशेजारच्या दत्ताकडं दिलं आणि स्वतः बैलांना धरायला गेला. बैल पळाले असे, की बघणाऱ्यांच्या टोप्या उडाल्या. हौसरावांनी घड्याळ पाहिलं आणि आकडा सांगितला: बारा सेकंद सहा पॉइंट. त्याआधी एक गाडा अकरा पंच्याण्णवमध्ये गेला होता. दगडोबाची मोटारसायकल अकरा पॉइंटांनी गेली.

धापा टाकत दगडोबा वर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हौश्या, तुझं घड्याळ खोटं हाय. माझी बैलं हरल्याली न्हाईत."

"माझा अंगठा आजवर खोटा पडला न्हाई," हौसराव म्हणाले. "तुझ्यासाठी पडणार न्हाई."

लोक हसले. हौसरावांनाही तेव्हा आपण फार ताठ बोललो याचा अभिमान वाटला. पुढं शर्यतींवर बंदी आली, आणि बंदी उठेपर्यंत वकील आणि फौजदार दोघंही उरले नव्हते. दगडोबाला पुन्हा संधी अशी मिळालीच नाही. तेरा वर्षांत दोघं लग्नात, दहाव्यात समोरासमोर आले की एक जण पाणी प्यायला उठायचा. बंदी उठल्यावर घाटात दोन खांब आले, त्यांना सेन्सर म्हणतात. बैल मधून गेले की आकडा आपोआप पाटीवर. गावानं हौसरावांना टोपी-उपरणं दिलं, पुढच्या रांगेत खुर्ची दिली, आणि घड्याळ साखरबाईच्या कपाटात साड्यांखाली गेलं. खुर्चीत बसून ते पाटीवरचे आकडे बघायचे. मनात एक किडा मात्र वळवळायचा: त्या दिवशी अंगठा उशिरा तर पडला नाही ना? हे ते कोणाजवळ बोलले नाहीत. कांदा निवडताना मध्येच हात थांबायचा तेवढंच.

अशात एका रविवारी त्यांची पुतणी करिश्मा आली. ही धाकट्या भावाची मुलगी, सत्तावीस वर्षांची, रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. नट-बोल्टची जाडी मोजून पास-नापास करायची तिची नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी बापाच्या कांद्याच्या चाळीत एक जुनी मोटारसायकल उघडून बसायची. गाडीचं काय-काय तिनं काढून टाकलं होतं ते पाहून साखरबाईनं विचारलं होतं, की एवढं काढल्यावर मोटारसायकल राहिली कुठं.

"आप्पा, घड्याळ हाय का अजून?" तिनं विचारलं. "मला वेगाचा विक्रम करायचाय. मशीन लावणारच, पण नियमात हाताचं घड्याळबी लागतं. मशीन बंद पडलं तर त्याचा आकडा धरत्यात."

"कुणासंगं शर्यत हाय?"

"कुणासंगं न्हाई. एकटीच पळायचं."

"मग हरणार कोण?"

"ज्याचा आधीचा आकडा हाय तो. तो तिथं नसतो."

हौसरावांनी कपाळाला हात लावला. समोर नसलेल्या माणसाला हरवायचं, आणि त्या माणसाला आपण हरलो हे कळणारही नाही, ही कसली शर्यत? पुढं ती म्हणाली की पाचशे मीटर मोजायचे, वेगात आत शिरायचं, वेगात बाहेर पडायचं. मग एका तासाच्या आत त्याच वाटेनं उलटं पळायचं, आणि दोन्ही वेळांची बेरीज करून दोननं भागायचं, म्हणजे वाऱ्याचा फायदा उरत नाही.

"म्हंजी ज्या वेळात तू पळालीस ती खरी न्हाई," हौसराव सावकाश म्हणाले, "आन् ज्या वेळात तू कवाच पळाली न्हाईस ती खरी?"

करिश्मा नुसती हसली. घाटात उलटं कोणी पळत नाही. गाडा वर गेला की गेला, दुसऱ्या वाटेनं घरी. हौसरावांचं डोकं त्या भागाकारानं जे भंजाळलं ते पुढं ताळ्यावर आलंच नाही. तरी घड्याळ त्यांनी काढलं, नवा सेल घातला आणि अंगठा पुसून दाबून पाहिला.

विक्रमांची वही पुण्यातल्या एका संघटनेकडं होती, आणि ती वही घेऊन सत्यजीत नावाचा चाळिशीतला गृहस्थ यायचा. बोलायला गोड, पण नियमात सुईच्या टोकाइतकी सूट नाही. त्याच्या वहीत प्रत्येक जमिनीचा विक्रम वेगळा होता: डांबर वेगळं, मुरूम वेगळा, वाळू वेगळी, सुकलेल्या तलावाचा तळ वेगळा. हौसरावांना आधी वाटलं की हा सातबाऱ्याच्या कामासाठी आला. गाडी तीच, बाई तीच, आणि खालची माती बदलली की जिंकणारा बदलतो, हे त्यांना तीनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्यांदाही त्यांनी नुसती मान हलवली.

डांबराचा प्रयत्न शिरूरच्या बाहेर, अजून वाहतुकीला न उघडलेल्या एका रस्त्याच्या तुकड्यावर झाला. निशाणाला दत्ताच होता. हौसरावांच्या घड्याळात आणि मशीनमध्ये फरक पडला तीन पॉइंटांचा. सत्यजीतनं भुवया उंचावल्या, "काका, इतकं जवळ मी अजून कोणाचं पाहिलं नाही," असं म्हणाला. करिश्मा विक्रमापासून फार लांब राहिली, पण हौसराव घरी येताना पेढे घेऊन आले. साखरबाईनं विचारलं, पोरगी हरली तर पेढे कसले? त्यांनी एक पेढा तिच्या हातावर ठेवला.

मुरमाच्या मैदानावरही तेच. मशीन आणि अंगठा यांत चार पॉइंटांचा फरक, आणि विक्रम हुकला. भीमेच्या पात्रात दौंडच्या अलीकडं वाळूवर जायचं ठरलं, तर मोजून पाचशे मीटर सलग वाळू मिळेना. जी मिळाली तिच्यात मागचं चाक बुडालं आणि गाडी सहा जणांनी उचलून काढली. त्या दिवशी घड्याळ दाबायची वेळच आली नाही. करिश्मा पाय पसरून नदीत बसून राहिली. तिच्याकडं बघून हौसरावांना वाईट वाटलं. हिला कोणी हरवलेलं नाही, मग ही कशानं एवढी खचते, हे मात्र उमगलं नाही.

राहिला होता वरवंडचा तलाव. मे महिन्यात त्याचा तळ उघडा पडतो, चिखल वाळून टणक होतो आणि मैलभर सपाट जागा मिळते. कालव्याचं पाणी मंगळवारी सुटणार होतं, त्यामुळं रविवार हा एकच दिवस हातात होता. त्या तळावरच्या विक्रमाचा आकडा करिश्माच्या आवाक्यातला होता: दोन्ही वेळांना दोननं भागून अकरा सेकंद साठ पॉइंटांच्या आत यायचं.

तलावावर पोहोचल्यावर हौसरावांनी पाहिलं, तर पलीकडच्या रेषेवर निशाण घेऊन दगडोबा उभा होता. पाचशे मीटरवरूनही त्यांनी ती कमरेत जरा वाकलेली उभं राहायची लकब ओळखली.

"गावकरी म्हनले, आमच्या तळ्यात निशाण टाकायचं तर दगडोबानंच," करिश्मा खाली बघत म्हणाली. "मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं न्हाई. आला नसता."

"आलो नसतो," हौसराव म्हणाले. पण आता आलेच होते.

सत्यजीतनं तळाचे तुकडे उचलून, दाबून, ओलावा तपासून दहा वाजवले. तोवर ऊन तापलं, बांधावर पन्नास-साठ माणसं जमली. मग लांबून गाडीचा आवाज आला. हौसरावांची नजर निशाणावर बसली, घाटात बसायची तशी, आणि भोवतालचं सगळं बंद झालं. निशाण पडलं. अंगठा दाबला. करिश्मा टाकीवर आडवी पडून एका रेषेत आली आणि समोरून निघून गेली. अंगठा पुन्हा दाबला. अकरा तीस.

सत्यजीतच्या मशीनवर अकरा बासष्ट होते.

हौसरावांनी घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं. बत्तीस पॉइंट. तीन नाही, चार नाही. अंगठा म्हातारा झाला म्हणावं तर परवा मुरमावर तो ठीक होता. नजर म्हणावी तर निशाण स्पष्ट दिसलं होतं. आणि आज बत्तीस पॉइंटांनी खोटा पडणारा अंगठा तेरा वर्षांपूर्वी अकरा पॉइंटांनी खोटा पडला नसेल कशावरून? कांदा निवडताना वळवळणारा तो किडा आता उघड्यावर आला.

"काळजी करू नका काका, मशीनचाच आकडा धरतो," सत्यजीत म्हणाला. त्यानं धीर दिला, पण तो धीर हौसरावांच्या काळजात सुरीसारखा गेला.

आता गाडी उलटी येणार होती, म्हणजे निशाणवाल्यानं या टोकाला आणि घड्याळवाल्यानं त्या टोकाला जायचं. घाटातल्या वीस वर्षांत दोघांना हे कधी करावं लागलं नव्हतं. दत्ता मोटारसायकलवर सोडायला तयार होता, पण हौसराव चालत निघाले. समोरून दगडोबाही चालतच येत होता. उघड्याबोडक्या तळात पाणी प्यायला उठून जायलाही जागा नव्हती. दोघं मधोमध आले आणि थांबले.

दगडोबा थकला होता. दाढीचे खुंट पांढरे, निशाणाची काठी टेकायला धरलेली. हौसरावांनी जे डोक्यात होतं तेच विचारलं.

"निशाण कवा टाकतूस?"

"कवा म्हंजी?" दगडोबा म्हणाला. तेरा वर्षांनी पहिलं बोलणं हे. "टाकायच्या वक्ताला टाकतू."

"तसं न्हाई. चाक रेषेवर आलं की लगेच?"

"लगेच कसं? आधी नाव घेतू."

"कुणाचं?"

"मल्हारीचं. रेषा वलांडली की 'मल्हारी' म्हनतू, आन् मग टाकतू. पयल्यापासनं तसंच हाय. नाव घेतल्याबिगर हात खाली येत न्हाई माझा." एवढं बोलून तो काठी उचलून पुढं गेला. हौसरावांकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

हौसराव चालू लागले. मनात त्यांनी म्हणून पाहिलं: मल्हारी. एका श्वासाचंही नाव नाही ते. पण चालताना त्यांनी घड्याळ हातात घेतलं, दाबलं, "मल्हारी" म्हणाले, दाबलं. एकतीस पॉइंट. पुन्हा केलं. तेहतीस. त्यांचा जीव एकदम हलका झाला. अंगठा खोटा नव्हता. निशाणच उशिरा पडत होतं. घड्याळ उशिरा सुरू होत होतं आणि वेळ कमी भरत होती. वीस वर्षं वर उभं राहून हे आपल्याला कळलं नाही. कळणार कसं, दीडशे मीटरवरून माणसाचे ओठ थोडेच दिसतात? आणि त्यानं कोणाचं बिघडलंही नव्हतं, कारण दगडोबा प्रत्येक गाड्याला नाव घ्यायचा. सगळ्यांनाच बत्तीस पॉइंट कमी, म्हणजे सगळे सारखे.

दहा पावलं ते याच आनंदात चालले. अकराव्या पावलाला थांबले.

सगळ्यांना नाही. एका गाड्याला नाही. वकील आणि फौजदार पळाले तेव्हा निशाण दत्तानं टाकलं होतं, आणि दत्ता नाव-बिव घेत नाही. रेषा ओलांडली की टाकतो, डांबरावर फरक तीनच पॉइंटांचा पडला तो त्यामुळंच. म्हणजे घाटातल्या प्रत्येक गाड्याला बत्तीस पॉइंटांची सूट होती, फक्त दगडोबाच्या बैलांना नव्हती. अकरा पंच्याण्णववाला गाडा खरा बारा सत्तावीस. दगडोबाचे बैल बारा सहा. हौसरावांनी हिशेब पुन्हा केला, बोटांवर मोजून केला. तो बदलेना.

दगडोबा म्हणाला, घड्याळ खोटं. ते खोटं नव्हतं. हौसराव म्हणाले, बैल हरले. ते हरले नव्हते. दत्तानं निशाण अगदी बरोबर टाकलं, आणि त्या दिवशी घाटात बरोबर वागलेला तो एकटाच, त्याच्यामुळंच सगळं चुकलं. मग गुन्हा कोणाचा? देवाचं नाव घेणाऱ्याचा? हौसरावांना कुठंही बोट ठेवता येईना. पलीकडच्या रेषेवर ते पोहोचले तेव्हा कोणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. ती धरून ते तसेच उभे राहिले, प्यायचं विसरले.

हे आत्ताच्या आत्ता कोणाला सांगावं, का राहू द्यावं, हे ठरायच्या आतच तास भरत आल्याची शिट्टी झाली. सांगायची गरजही वाटली नाही, कारण आकडा मशीनचा धरणार होते. निशाणावर नजर ठेवायची तेवढं त्यांनी केलं. निशाण पडलं, त्यांनी दाबलं. गाडी निम्म्यावर असताना डाव्या अंगानं एक वावटळ उठली, पाचोळा आणि माती गरगरवत रेषेवरून गेली आणि सेन्सरचा एक खांब तिनं आडवा केला. करिश्मा त्याच धुळीतून बाहेर पडली. हौसरावांचा अंगठा तरीही बरोबर तिच्या पुढच्या चाकावर दाबला गेला. मशीनच्या पाटीवर मात्र नुसत्या रेघा होत्या.

सत्यजीत धावत आला, खांब पाहिला, पाटी पाहिली, आणि मग हौसरावांकडं पाहिलं. "काका, तुमचा आकडा?"

घड्याळात अकरा अडतीस होते.

सत्यजीतनं वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली. बासष्ट आणि अडतीस. भागिले दोन. "अकरा पन्नास," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा फुलला. "दहा पॉइंटांनी विक्रम. नियमानं मशीन बंद पडलं तर हाताचं घड्याळ चालतं. इथं सही करा, काका."

करिश्मा गाडी वळवून परत आली, हेल्मेट काढलं. तिच्या डोळ्यांभोवती माती होती आणि मध्ये डोळे लकाकत होते. दत्तानं दगडोबाला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं, बांधावरची माणसंही तळात उतरली. कोणीतरी गुलालाची पिशवी फोडली. सगळी जण आपल्या हाताकडं बघताहेत हे हौसरावांना कळत होतं.

पेन हातात आलं. सही करणं सोपं होतं. पोरीनं दोन वर्षं चाळीत हात काळे केले होते. नियम हौसरावांनी केला नव्हता, वावटळ त्यांनी उठवली नव्हती, आणि त्या बत्तीस पॉइंटांचं कारण या जगात त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. सही केली तर घाटातलं जुनंही झाकलेलं राहणार होतं. अंगठा खोटा पडला नाही, एवढंच लोक म्हणणार होते. आणि ते तर खरंच होतं. हीच तर पंचाईत होती.

त्यांनी पेन परत दिलं.

"ह्यात बत्तीस पॉइंट मिळवा," ते म्हणाले.

"कशाचे?" सत्यजीतला काही कळलं नाही.

"निशाण उशिरा पडतंय. पयल्या बारीला तुमच्या मशीनमधी आन् माझ्या घड्याळात किती फरक हुता? बत्तीस. तोच ह्या बारीलाबी हाय. दगडू आधी देवाचं नाव घेतू, मग निशाण टाकतू. म्हंजी ही वेळ अकरा सत्तर धरा."

गुलाल उधळायला वर गेलेला एक हात तसाच खाली आला. करिश्मा कारखान्यात रोज आकडे पास-नापास करायची. तिला वहीची गरज पडली नाही.

"अकरा सहासष्ट," ती म्हणाली. "सहा पॉइंटांनी गेलं." मग ती हौसरावांकडं वळली. "आप्पा, हे तुम्हाला आधी ठाव हुतं?"

"मगा चालताना कळलं."

"मग पळायच्या आधी बोलला का न्हाई? मी दुसरं कुणाला उभं केलं असतं निशाणाला."

त्या वेळी त्यांच्या डोक्यात करिश्मा नव्हती, बैल होते, हे तिला कसं सांगायचं? तासाची मुदत संपली होती. परवा इथं पाणी येणार होतं. तिनं सत्यजीतच्या हातातली वही घेतली, अकरा पन्नासवर काट मारली, स्वतःच्या हातानं अकरा सहासष्ट लिहिलं आणि गाडीकडं निघून गेली. हातमोजे तिनं तिथंच तळात टाकले. हौसरावांनी ते उचलले, झटकले, आणि आपल्याला रडू येतंय हे त्यांना तेव्हा कळलं.

माणसं पांगली. दगडोबा मात्र काठीला टेकून तिथंच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता का भीती, ते ओळखू येत नव्हतं.

"म्हंजी माझ्यामुळं पोरीचं गेलं," तो म्हणाला.

"तुझ्यामुळं न्हाई."

"नाव घेतल्यानं कुणाचं वाईट हुईल व्हय, हौश्या?"

"न्हाई दगडू. ऐक." हौसरावांनी त्याचा हात धरला, आणि धरल्यावर त्यांना आठवलं की तेरा वर्षांत हा हात धरलेला नाही. "घाटात तू सगळ्यांच्या बारीला नाव घेतलंस. तुझ्या बैलांच्या बारीला निशाणाला दत्ता हुता. त्यानं घेतलं न्हाई. सगळ्या गाड्यांना बत्तीस पॉइंट फुकट मिळालं, तुझ्या एकट्याला न्हाई मिळालं. तुझी बैलं अकरा पॉइंटांनी हरली न्हाईत. यकवीस पॉइंटांनी पयली आली हुती. माझं घड्याळ खरं हुतं आन् निकाल खोटा हुता. तू म्हनत हुतास ते बरोबर हुतं. मला माफ कर."

दगडोबाला आकडे कळले का नाही, हौसरावांना अंदाज येईना. तो निशाणाच्या काठीनं तळातल्या एका भेगेतली माती उकरत होता. हौसराव वाट बघत होते, की तो आता चारचौघांत ओरडेल, शिव्या घालेल, निदान हात तरी सोडवून घेईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"पयली आली हुती?" त्यानं विचारलं.

"पयली."

"नक्की?"

"नक्की."

दगडोबा हळूच खाली बसला. हौसरावही त्याच्या शेजारी बसले. ऊन पाठीवर चटकत होतं. दगडोबा समोर बघत बोलू लागला, आणि तो हौसरावांशी बोलतोय का स्वतःशी, हे सांगता येत नव्हतं.

"जल्मात मी कवा जनावरावर हात उचलला न्हाई. त्या दिशी घरी नेताना उचलला. न्हावऱ्यापासनं चौफुल्यापातुर मी वकीलला मारत नेला, काठी मोडंस्तवर. तुझा राग त्याच्यावर काढला. त्यो चालत राहिला, मान खाली घालून. त्याला वाटलं आसंल, आपलंच कायतरी चुकलं." त्यानं निशाणाची काठी खाली ठेवली. "आन् त्यो जिकून आल्याला हुता, हौश्या."